पंच्याऐंशी खणांची चवड: एका सॉर्टच्या आतली तेरा वर्षांची गोष्ट

तुम्ही पायथनमध्ये कधी ना कधी यादी सॉर्ट केली असेलच. एक शब्द लिहायचा, एंटर दाबायचं, यादी क्रमाने हजर. आत काय झालं हे आपण विचारत नाही, विचारायचं कारणही नसतं. पण संशोधनाची तयारी करताय ना, मग एकदा आत डोकवा. पायथनच्या सोर्स कोडमध्ये ‘ऑब्जेक्ट्स’ नावाचं फोल्डर आहे. त्यात लिस्टचा सगळा सी कोड असलेली फाइल आहे, आणि तिच्या शेजारी ‘लिस्टसॉर्ट’ नावाची साधी टेक्स्ट फाइल. कोड नाही, नुसता मजकूर. आज मी त्या मजकुराबद्दल आणि त्यातल्या एका वाक्यावर लोकांनी टाकलेल्या विश्वासाबद्दल लिहिणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००२ पर्यंत पायथनमध्ये सॅम्पलसॉर्ट होता, म्हणजे क्विकसॉर्टचाच एक सुधारलेला भाऊ. त्या वर्षी टिम पीटर्सने नवीन सॉर्ट लिहिला आणि २००३ मध्ये आलेल्या पायथन २.३ मध्ये तो बसला. पुढे त्याचं नाव टिमसॉर्ट पडलं. टिम पीटर्स म्हणजे तोच, ‘झेन ऑफ पायथन’ लिहिणारा. त्याचं निरीक्षण अगदी व्यवहारातलं होतं: प्रत्यक्षात आपल्यासमोर येणारा डेटा पत्ते पिसल्यासारखा विस्कळीत क्वचितच असतो. ग्रंथालयाच्या रजिस्टरचं घ्या. जुनी हजार नावं आधीच क्रमाने, शेवटी या आठवड्यात आलेली वीस नावं जशी आली तशी. असली यादी पहिल्यापासून सॉर्ट करणं म्हणजे निवडलेले तांदूळ पुन्हा निवडणं.

म्हणून टिमसॉर्ट आधी यादीतले सलग क्रमात असलेले तुकडे शोधतो. त्यांना ‘रन’ म्हणतात. चढत्या क्रमातला तुकडा सापडला तर उत्तमच. काटेकोरपणे उतरत्या क्रमातला सापडला तर तो जागच्या जागी उलटा करतो. ‘काटेकोरपणे’ हा शब्द उगाच नाही. दोन सारख्या किमती असलेला तुकडा उलटा केला तर त्यांचा आपापसातला क्रम बदलेल, आणि मग सॉर्ट ‘स्टेबल’ राहणार नाही. रन फारच छोटा निघाला तर त्याला एका ठरावीक किमान लांबीपर्यंत वाढवतात, बायनरी इन्सर्शन सॉर्टने. ही किमान लांबी ठरवण्याचा हिशेबही वाचण्यासारखा आहे. २११२ घटकांची विस्कळीत यादी घ्या. किमान लांबी ३२ धरली तर ६६ रन होतात: चौसष्टांची सुरेख जोडणी होऊन २०४८ चा एक मोठा तुकडा तयार होतो आणि शेवटी त्याला ६४ चं शेपूट जोडत बसावं लागतं. तेच ३३ धरली तर बरोबर ६४ रन, शेपूट नाही. एका आकड्याचा फरक.

आता मुख्य मुद्दा. रन सापडत जातात तशी त्यांची जोडणी, म्हणजे मर्ज, करायची असते. स्टेबल राहायचं तर फक्त शेजारचे रन जोडता येतात. लांबचा उचलून आणता येत नाही. मग जोडायचं कधी? लगेच लगेच जोडलं तर मोठ्या तुकड्याला पुन्हा पुन्हा छोटे तुकडे चिकटवत बसाल. सगळे सापडेपर्यंत थांबलात तर सगळ्यांची नोंद ठेवायला जागा लागेल, शिवाय नुकताच पाहिलेला डेटा कॅशेमध्ये गरम आहे त्याचा फायदा जाईल. पीटर्सने मधला मार्ग काढला. सापडलेल्या रनची चवड ठेवायची, ताटांची ठेवतो तशी, आणि चवडीवर दोन नियम लावायचे. वरच्या तीन रनच्या लांबी खालून वर क, ख, ग अशा असतील तर क ही ख आणि ग यांच्या बेरजेपेक्षा मोठी हवी, आणि ख ही ग पेक्षा मोठी हवी. नियम मोडला की जोडा आणि पुन्हा तपासा.

हे नियम का? वरून खाली मोजत बघा. सगळ्यात वर लांबी १. तिच्याखाली किमान २. त्याखाली बेरजेपेक्षा मोठी हवी म्हणून किमान ४. मग ७, १२, २०, ३३. ओळख पटली? फिबोनाचीच आहेत, प्रत्येकातून एक वजा. म्हणजे चवडीत खाली जाल तशी लांबी साधारण १.६१८ पटीने वाढते. आणि लांबी इतक्या झपाट्याने वाढते म्हटल्यावर चवड फार उंच होऊच शकत नाही, कारण यादीच संपेल. म्हणून पायथनच्या कोडमध्ये चवडीला ८५ खण दिले होते, आणि शेजारच्या कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की २ चा ६४ वा घात इतक्या घटकांनासुद्धा हे पुरून उरेल. इतकी मोठी यादी जगात कुणाकडे नाही. विषय संपला.

इथे जरा थांबा. हा युक्तिवाद मी तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही मान डोलावलीत का? मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा डोलावली होती. तो सुंदर आहे, छोटा आहे, त्यात फिबोनाची आहे. पण त्यात एक पायरी आपण न बघता ओलांडली. ‘नियम वरच्या तीन रनवर तपासला’ यावरून ‘नियम संपूर्ण चवडीवर पाळला जातो’ इथे आपण कसे पोचलो?

पोचलो नाहीच. पण हे कुणाच्या लक्षात यायला तेरा वर्षं लागली.

दरम्यान टिमसॉर्टचा संसार वाढला. जोशुआ ब्लॉकने तो जावामध्ये आणला आणि २०११ च्या जावा ७ पासून ऑब्जेक्टच्या सॉर्टसाठी तोच वापरात आला. (साध्या संख्यांच्या ॲरेसाठी जावा वेगळा क्विकसॉर्ट वापरतो, कारण तिथे स्टेबल असण्याला अर्थच नाही, पाच आणि पाच यातला पहिला पाच कोणता हे कुणी विचारत नाही.) अँड्रॉइडमध्येही तो गेला. म्हणजे जगातल्या कोट्यवधी फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये ही चवड रोज रचली आणि मोडली जात होती. जावाने मात्र एक गोष्ट वेगळी केली: ८५ खण सरसकट न देता यादीच्या लांबीप्रमाणे दिले. छोट्या यादीला ५, मग १०, मग १९, आणि १,१९,१५१ किंवा जास्त घटक असतील तर ४०. जागेची काटकसर. जावाची ॲरे २ च्या ३१ व्या घातापेक्षा लहानच असते, तेव्हा फिबोनाचीच्या हिशेबाने ४० पुरे.

काटकसर केली की हिशेबातली चूक लवकर उघडी पडते, हे घरखर्चाइतकंच कोडलाही लागू आहे. जावाच्या बग ट्रॅकरवर एकदा तक्रार आली की सॉर्ट करताना ॲरेच्या बाहेर पाऊल पडल्याची एरर येते. त्यावर उपाय काय केला, तर १९ चे २४ केले. एरर थांबली. १९ का पुरले नाहीत, याचा शोध तिथेच राहिला. संशोधक म्हणून मला या संपूर्ण इतिहासात सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते. पुरावा हातात होता. फिबोनाचीचा हिशेब बरोबर असता तर १९ पुरायलाच हवे होते. पुरले नाहीत म्हणजे हिशेब चुकीचा. पण प्रश्न ‘किती खण हवेत’ असा विचारला गेला, ‘आपला नियम खरंच पाळला जातोय का’ असा नाही.

२०१५. स्टाइन द खाऊ, यूरियान रॉट, फ्रांक द बूर, रिचर्ड बुबेल आणि राइनर हेनले असे पाच संशोधक. नेदरलँड्स आणि जर्मनीतली ही मंडळी ‘की’ नावाचं साधन वापरत होती. जावाच्या प्रोग्रामबद्दलचं विधान तर्काने, पायरी न गाळता, सिद्ध करायला हे साधन मदत करतं. त्यांनी आधी काउंटिंग सॉर्ट आणि रेडिक्स सॉर्ट असे सिद्ध केले होते आणि आता त्यांना जरा तगडं आव्हान हवं होतं. टिमसॉर्ट निवडला. लक्षात घ्या, ते चूक शोधायला निघालेच नव्हते. हा सॉर्ट बरोबर आहे हे सिद्ध करायला निघाले होते. आणि जोडणीच्या फंक्शननंतर चवडीचे नियम पुन्हा पाळले जातात, ही पायरी काही केल्या सिद्ध होईना.

का होईना, ते कागदावर करून बघा. वही घ्या, खरंच घ्या. चवडीत खालून वर १२०, ८०, २५, २० असे रन आहेत. तपासा: १२० हे १०० आणि ५ पेक्षा मोठं, म्हणजे ८० अधिक २५ पेक्षा. ८० हे ४५ पेक्षा मोठं. २५ हे २० पेक्षा मोठं. सगळं ठीक. आता नवीन रन आला, लांबी ३०. वरचे तीन झाले २५, २०, ३०. पंचवीस काही पन्नासपेक्षा मोठं नाही, नियम मोडला. कोड सांगतो की दोन टोकांपैकी लहान असेल त्याला मधल्याशी जोडा, म्हणून २५ आणि २० जोडून ४५. चवड झाली १२०, ८०, ४५, ३०. पुन्हा वरचे तीन तपासा: ८० हे ७५ पेक्षा मोठं, ४५ हे ३० पेक्षा मोठं. कोड म्हणतो झालं, पुढच्या रनकडे चला.

पण खाली बघा. १२०, ८०, ४५. ऐंशी अधिक पंचेचाळीस म्हणजे १२५, आणि १२० त्यापेक्षा लहान. नियम मोडलाय, आणि तो वरून चौथ्या जागी मोडल्यामुळे कोडच्या नजरेतच येत नाही. अशी भोकं पुन्हा पुन्हा पाडत नेली तर लांबी फिबोनाचीच्या वेगाने वाढत नाही, चवड ठरवल्यापेक्षा उंच होते आणि खण अपुरे पडतात. सॉर्टचं उत्तर चुकतं असं नाही. नोंदवही संपते आणि प्रोग्राम कोसळतो. त्या पाच जणांनी ६,७१,०८,८६४ घटकांची, म्हणजे बरोबर २ चा २६ वा घात इतकी, अशी ॲरे बांधून दाखवली की जावाचा सॉर्ट पडला. साध्या कॉम्प्युटरच्या मेमरीत मावणारी ॲरे.

पायथनलाही हीच चूक होती, पण तिथे ८५ खण उदार हाताने दिलेले. ते ओलांडायला २ चा ४९ वा घात इतके घटक लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. एका घटकाचा पत्ता ८ बाइटचा धरला तर नुसत्या पत्त्यांनाच ४ पेटाबाइट. म्हणजे पायथनमधली चूक खरी होती, पण ती कुणाला भेटणार नव्हती. अशी चूक दुरुस्त करायची का? थोडा वेळ यावर स्वतःचं मत बनवा, कारण दोन भाषांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

संशोधकांनी उपाय सुचवला होता: तीनाऐवजी चार रन तपासा. एक जास्तीची अट, वेगावर जाणवेल असा परिणाम नाही, आणि ही सुधारलेली आवृत्ती ही चूक करत नाही हे त्यांनी साधनाने सिद्धही केलं. पायथनने ती अट घेतली. ज्यांना या चुकीचा प्रत्यक्ष धोका नव्हता त्यांनी मूळ दुरुस्त केलं. ज्यांचा सॉर्ट खरोखर पडला होता त्या जावाने मात्र ४० चे ४९ केले. म्हणजे नियम मोडतोय तो मोडू दे, वाईटात वाईट मोडला तरी पुरतील इतके खण देऊ. याला मी सरसकट आळस म्हणणार नाही. जगभर चालणाऱ्या लायब्ररीत तर्क बदलण्यापेक्षा आकडा बदलणं सुरक्षित वाटणं समजण्यासारखं आहे. आणि ४९ हा आकडा हवेतून आला नव्हता. त्या संशोधकांच्या विश्लेषणातूनच आला होता.

गोष्ट इथे संपली असती तर ‘हाताने चूक, मशीनने बरोबर’ असा गोळीबंद किस्सा झाला असता. चर्चासत्रांत हा भाग बहुतेक वेळा इथेच थांबवतात.

२०१८ मध्ये निकोला ओजे, व्हँसाँ ज्यूजे, सिरिल निको आणि कारीन पिव्होतो या फ्रेंच संशोधकांचा पेपर आला. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. टिमसॉर्टला वाईटात वाईट एन लॉग एन इतका वेळ लागतो असं सगळे २००२ पासून म्हणत होते. पण याची नीट, पूर्ण सिद्धता कुठे आहे? ती द्यायला ते बसले होते. ती देताना चवडीच्या उंचीचा प्रश्न पुन्हा समोर आला आणि त्यांना २०१५ च्या विश्लेषणातच खोट सापडली. तिथे एका लेमामध्ये असं धरलं होतं की नियम लागोपाठच्या दोन जागी मोडू शकत नाही. प्रत्यक्षात मोडू शकतो. म्हणजे वाईटात वाईट अवस्था मानली होती त्याहून वाईट, आणि ४९ खणही पुरत नाहीत. त्यांनी जावाचा सॉर्ट पुन्हा पाडून दाखवला. मग जावा ११ मध्ये अखेर ती चौथ्या रनची अट आली.

यात नीट बघण्यासारखं काय आहे सांगतो. साधनाने सिद्ध केलेली, सुधारित आवृत्ती शाबूत राहिली. पायथन सुरक्षितच होता. चुकला तो भाग ज्याची सिद्धता साधनातून गेली नव्हती, पेपरमध्ये हाताने लिहिली होती: मोडक्या आवृत्तीला किती खण लागतील हा हिशेब. आणि जावाने नेमका त्याच हिशेबावर भर दिला होता. एकाच पेपरमध्ये दोन दर्जाची खात्री होती, आणि वाचणाऱ्याने दोन्हींना एकच वजन दिलं. तुम्ही पेपर वाचाल तेव्हा प्रत्येक विधानापुढे पेन्सिलीने लिहून बघा, हे कशाच्या जोरावर म्हटलंय: सिद्ध केलंय, मोजलंय, की वाटतंय? मी अलीकडे हे करतो. वेळ खातं, पण बऱ्याचदा पेपरचा सांधा कुठे आहे ते कळतं.

तुम्हाला याच्यावर काही काम करायचं असेल तर एक व्यावहारिक सूचना. सोर्स कोड हे इतिहासाचं प्राथमिक साधन आहे, पण दगडी शिलालेख नव्हे. तो सतत खोडला आणि पुन्हा लिहिला जातो. आज ती लिस्टसॉर्टची फाइल उघडून ‘पीटर्स २००२ मध्ये असं म्हणतो’ असं लिहिलंत तर घोटाळा होईल, कारण त्यातले परिच्छेद नंतर बदललेत. पायथन २.३ चा टॅग काढून तिथली फाइल वाचा, मग २०१५ च्या आधीची, मग नंतरची. पायथनचा इतिहास सीव्हीएस, मग सबव्हर्जन, मग मर्क्युरियल आणि २०१७ पासून गिटहब असा घरं बदलत आलाय, पण जुने बदल सोबत आले आहेत. ‘गिट ब्लेम’ लावलं की प्रत्येक ओळ कधी आणि कुणी बदलली हे दिसतं. मात्र ‘का’ हे तिथे नेहमी सापडेल असं नाही. त्यासाठी बग ट्रॅकरवरची चर्चा आणि मेलिंग लिस्टचे जुने संग्रह चाळावे लागतात. १९ चे २४ झाले हे कोड सांगतो. त्या दिवशी कुणी काय गृहीत धरलं होतं, ते कोड सांगत नाही.

आता त्या ८५ खणांचं पुढे काय झालं ते. २०१८ मध्येच इयन मन्रो आणि सेबास्टियन विल्ड यांनी पॉवरसॉर्ट मांडला. त्यात कोणते रन कधी जोडायचे हे ठरवायची रीतच निराळी आहे. दोन शेजारच्या रनच्या सीमेला एक ‘पॉवर’ देतात: ते दोन तुकडे संपूर्ण यादीत कुठे बसतात यावरून, जणू यादीचे अर्धे, मग पाव, मग आठवा भाग करत गेलो तर त्या दोन तुकड्यांचे मध्य पहिल्यांदा कोणत्या पातळीवर वेगळे होतील. चवडीत हे आकडे खालून वर काटेकोरपणे वाढतेच ठेवायचे. नवीन आकडा लहान निघाला तर आधी वरची जोडणी उरकायची. २०२२ च्या पायथन ३.११ पासून जोडणीचं धोरण हेच आहे. रन शोधणं, किमान लांबी, मर्जच्या आतली उड्या मारत शोधण्याची युक्ती हे सगळं पीटर्सचंच राहिलं. बदलली ती फक्त चवडीची शिस्त.

चवडीत किती खण लागतील हा प्रश्नही त्याबरोबर निवळला. पॉवर दर वेळी वाढतीच असते, आणि २ च्या ६४ व्या घाताहून लहान यादीचे अर्धे अर्धे करत किती वेळा जाता येईल त्याला मर्यादा आहे. म्हणून ६४ बिटच्या मशीनवर कोडमध्ये आता ८५ ऐवजी ६४ खण आहेत. या वेळी फिबोनाची नाही. हा हिशेब बरोबर आहे का, ते त्याच फाइलमधला नवा भाग उघडून तुम्हीच तपासा. १२०, ८०, २५, २०, ३० हेच पाच रन घ्या, एकूण २७५ घटक, आणि प्रत्येक सीमेची पॉवर वहीत काढून बघा.